शाळेंतील तपासणी आणि घरचें कर्तव्य

शाळेंत डॉक्टर येतात, मुलांचें वजन व उंची घेतात, दांत, डोळे, कान पाहतात, ही गोष्ट आतां सातारा-सांगलीकडे नवलाची राहिलेली नाहीं. परंतु त्या तपासणीचें फळ मुलाच्या पदरीं पडणें हें शाळेपेक्षां घरावर अधिक अवलंबून असतें, इकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

मुलांच्या शरीराची काळजी शाळेनें वाहावी, हा विचार आपल्या भागास जुना आहे. आज साताऱ्यांत असलेलें औंध व सांगलींत असलेली आटपाडी ज्या संस्थानांत मोडत, तेथील अधिपति श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले होते. मात्र व्यायामानें शरीर सुदृढ झालें, तरी मंद डोळा तपासल्यावांचून कळत नाहीं.

बोअर युद्धाच्या वेळीं (१८९९–१९०२) सैन्यभरतीस आलेले पुष्कळ तरुण शरीरानें अपात्र ठरले, तेव्हां इंग्लंड जागें झालें. १९०७ च्या कायद्यानें तेथें शाळांतील तपासणी बंधनकारक झाली. उपचारांची व्यवस्था बंधनकारक होण्यास मात्र १९१८ साल उजाडावें लागलें. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं पालघर येथें सुरू झाला. त्यांत अंगणवाडीतील मुलांची वर्षांतून दोनदां व सरकारी आणि अनुदानित शाळांतील मुलांची एकदां तपासणी ठरविली असून, पुढील उपचारही विनामूल्य आहेत.

तरी चिठ्ठी घरीं आल्यावर काय होतें? कित्येकदां ती दप्तरांतच राहते. एकत्र कुटुंबांत आईस वाटतें, काका पाहतील. काकांस वाटतें, दादांनीं पाहिलेंच असेल. मुलीस चष्मा लागणार असें कळलें, कीं वडीलधाऱ्यांस तिच्या लग्नाची चिंता पडते. इकडे फळा न दिसणारें मूल मठ्ठ ठरतें आणि ऐकूं न येणारें मूल हट्टी म्हणून बोलणीं खातें. एकच डोळा मंद असला, तर दुसऱ्यावर काम भागतें व मुलाच्याही तें ध्यानांत येत नाहीं. बालपणाची वेळ टळली, म्हणजे पुढें चष्म्यानेंही ती दृष्टि पुष्कळदां पुरती येत नाहीं.

यास्तव घरांतील एका व्यक्तीनें हें काम आपल्याकडे घ्यावें. तपासणीच्या दिवशीं चिठ्ठी मागून घ्यावी, आठ दिवसांत मुलास दवाखान्यांत न्यावें, आणि चष्मा मिळाल्यावर मूल तो घालतें ना, हें पाहावें. तपासणीस अवकाश असल्यास एकेक डोळा झांकून भिंतीवरील दिनदर्शिका लांबून वाचावयास सांगावी. एका डोळ्यास कमी दिसतें असें वाटल्यास वाट पाहूं नये. संध्याकाळीं नातवंडांकडून परवचा म्हणवून घेणाऱ्या आजोबांस हें सहज साधेल.