शाळेलाही थोडा अबंधित निधी पाहिजे

आज पिकाचं नाही, शाळेचं लिहितो.

सोयाबीन पेरायच्या आधी आपण गोणपाटात 100 बिया ठेवून उगवण बघतो. 70 उगवल्या तर बियाणं चालतं, कमी उगवल्या तर एकरी बियाणं वाढवतो. हेच सहावीच्या लेकरांकडून करून घेतलं तर शेकडेवारी वेगळी घोकायची गरज नाही. वर्गात गप्प बसणारं लेकरू इथं पुढं येतं, कारण घरी त्यानं हे बघितलेलं असतं.

2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना शिकायचं सांगितलंय. चांगलंच आहे. पण खर्च कुठून करायचा?

समग्र शिक्षातून शाळेला पटाप्रमाणे संयुक्त अनुदान असतं. 30 पर्यंत पट असला तर वर्षाला 10 हजार, 31 ते 100 ला 25 हजार. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेला. बाकीच्यात लाईटबिल, दुरुस्ती, खडू. शैक्षणिक साहित्यही नियमात बसतं, पण वाडीवरच्या शाळेत त्याची पाळी येईपर्यंत पैसे संपतात. मग गुरुजी खिशातून घालतात, नाहीतर राहून जातं.

वरून सगळ्या शाळांना एकच साहित्य पाठवणं म्हणजे माती परीक्षण न करता सगळ्या रानाला एकच खत टाकणं. उसाच्या गावाची गरज वेगळी, भाताच्या गावाची वेगळी. एका वर्गातली दोन लेकरंसुद्धा सारखी नसतात.

पंधराव्या वित्त आयोगात ग्रामपंचायतीला 60 टक्के बंधित अन् 40 टक्के अबंधित निधी ठरवला होता. शाळेलाही तसंच करा. लाईटबिलाची सोय वेगळी करा आणि अनुदानाचा निदान चौथा हिस्सा फक्त लेकरांच्या करून शिकण्यासाठी मोकळा ठेवा. पर्जन्यमापक घ्यायचा, रोपवाटिका करायची की धरणावर जायचं, हे गुरुजी आणि शाळा व्यवस्थापन समिती ठरवतील.

कुणी म्हणेल, मोकळा पैसा खाल्ला जाईल. त्यावर उपाय आहे. खर्च शाळेच्या फळ्यावर लिहा, ग्रामसभेत वाचा. समितीत 75 टक्के पालक असतात, म्हणजे आपणच. सही करून उठण्यापेक्षा हिशोब मागा, शाळा विकास आराखड्यात लेकरांचं काम लिहून घ्या.

कृषी सहायक आणि विद्यापीठातल्या मंडळींनाही विनंती, महिन्यातला एक तास शाळेला द्या. त्याला निधी लागत नाही.