सुईची काटकसर

आमच्या शाळेतील एक शिक्षक वर्षभर वजन उतरवण्याचे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन घेत आहेत. आठवड्यातून एकदा, पोटावर. बारा किलो उतरले. मी कौतुक केले, तर हळूच म्हणाले, "सर, खर्च झेपेना. आता मोठ्या मात्रेचे पेन आणतो आणि टिकटिक मोजून मी नि मेव्हणा वाटून घेतो. सुई मात्र बदलतो हं!"

अंगावर काटाच आला. सुई बदलली तरी टोचताना रक्ताचा अंश पेनात मागे शिरू शकतो, नि त्याबरोबर एकाची कावीळ दुसऱ्याला. आणि हे गृहस्थ विज्ञान शिकवतात!

पण राग त्यांचा नाही. राग आहे तो असल्या युक्त्यांना 'बचत' म्हणणाऱ्यांचा. एक महिना घ्यावे, एक सोडावे, म्हणजे निम्मा खर्च वाचतो, हा दुसरा सल्ला. या औषधाच्या एका मोठ्या चाचणीचा पुढचा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आले. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीसारखेच हे दीर्घकाळचे काम. पैशापायी सोडले, की आधीचा पैसाही गेला. 'तोंड आवरा, सुई कशाला?' असे बजावणाऱ्या सज्जनांनी आधी आपल्या पुढ्यातली कुंद्याची बशी सरकवावी. लठ्ठपणा हा आजार आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे.

मग किंमत एवढी का? जून २०२५ मध्ये वजनासाठीचे हे औषध 'वेगोवी' नावाने भारतात आले, तेव्हा सुरुवातीच्या मात्रेचा महिन्याचा खर्च १७,३४५ रुपये होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने तोच १०,८५० वर आणला. पाच महिन्यांत औषध बदलले नव्हते, कारखाना बदलला नव्हता. भारतातील पेटंटची मुदत मात्र मार्च २०२६ मध्ये संपणार होती! त्यानंतर देशी कंपन्यांना तेच औषध बनवायला मोकळीक. कॉलेजात असताना डंकेल प्रस्तावावर आम्ही घसा फोडून भांडलो, तेव्हा प्राध्यापक हसले होते. १९७० च्या कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हते, फक्त कृतीवर होते. २००५ पासून पदार्थावरही आले. त्याचा अर्थ हा असा, घरच्या वहीत कळतो. इन्सुलिन शोधणाऱ्यांनी १९२३ मध्ये आपले पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला दिले होते, हेही जाता जाता.

डॉक्टरमंडळींनाही एक विचारायचे आहे. औषधाचे मूळ नाव लिहावे, असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला नि त्याच महिन्यात स्थगित केला. नियम थांबला म्हणून तुमचे पेन थांबले का? पहिली सुई देण्यापूर्वी 'हे किती वर्षे, महिना किती' एवढे रुग्णाला सांगायला कोणता नियम लागतो? आणि आपणही विचारत नाही. डॉक्टरांपुढे पैशाचा विषय काढणे आपल्याला कमीपणाचे वाटते. भाजीवाल्या मावशींशी आठ आण्यांसाठी घासाघीस करणारे आपण!

स्वस्त म्हणून कुणाच्या पिशवीतून आलेले बिनबिलाचे पेन मात्र घेऊ नये. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्येच इशारा दिला आहे. शिवाय न उघडलेले पेन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. पिशवीत कुठला आलाय फ्रीज?

त्या शिक्षकांना मी मेव्हण्यासकट डॉक्टरांकडे धाडले. दोघांच्याही रक्ततपासणीचे आधी बघा म्हटले, नि खिशात चिठ्ठी दिली: 'याच औषधाचे देशी, स्वस्त पेन मला चालेल का? मात्रा कमी करता येईल का, ते तुम्हीच सांगा.' ते अजून परत आलेले नाहीत.