बुडालेलें गांव आणि उभा मनोरा

निळ्या जलाशयांतून वर आलेला एक जुना दगडी मनोरा आणि त्यामागें हिमाच्छादित शिखरें, असें एक चित्र प्रवासवर्णनांत, सहलींच्या पत्रकांत आणि दिनदर्शिकांच्या पानांवर वरचेवर आढळतें. पाण्याखालीं निजलेल्या गांवच्या घंटा हिवाळ्यांतील रात्रीं अजून ऐकूं येतात, ही आख्यायिकाहि त्याच्या जोडीला बहुधा असतेच. आमचे प्रवासवर्णनकारहि आतां ह्या चित्राच्या नादीं लागले आहेत. कोणी त्या मनोऱ्यास काळाचा साक्षी म्हणतो, कोणी श्रद्धेचा विजयस्तंभ. ह्या सर्व रसिक मंडळींशीं आमचें भांडण आहे आणि तें उघड मांडावें असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम घंटांचा निकाल लावूं. त्या मनोऱ्यांत घंटा नाहींत. १८ जुलै १९५० रोजीं त्या उतरवून नेण्यांत आल्या आणि नंतर आठवडाभरांत चर्चची मुख्य इमारत पाडण्यांत आली. जी घंटा तेथें नाहींच, तिचा नाद ऐकूं येतो तो ऐकणाराच्या कानांतला होय. ही एवढी बाब सांगावयास कोणासहि अवघड नव्हती. परंतु घंटा वाजल्या म्हणजे पुढील प्रश्न विचारावे लागत नाहींत, ही त्यांतील सोय आहे.

हें गांव इटलीच्या उत्तर टोकास, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड यांच्या सीमांनजीक, सुमारें दीड हजार मीटर उंचीवर आहे. तेथील लोकांच्या जर्मन भाषेंत त्याचें नांव ग्राउन. राज्यकर्त्यांच्या इटालियन भाषेंत कुरोन. एका गांवास दोन नांवें कां, ह्याच्या उत्तरांतच पुढील अनर्थाचें बीज आहे. हा दक्षिण टिरोलचा मुलूख पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या अमलांत तेथील शाळांतून जर्मन भाषा हद्दपार झाली. १९३९ सालीं हिटलर व मुसोलिनी यांनीं आपसांत करार करून ह्या लोकांपुढें असा पर्याय टाकिला कीं, जर्मनीस निघून जा, नाहीं तर इटालियन होऊन रहा. बहुसंख्यांनीं जाण्याच्या बाजूनें कौल दिला; शेजारी शेजाऱ्याचा वैरी झाला. जलाशयाची मोठी योजना पुढें आली ती नेमकी ह्याच वर्षीं.

तेथें पूर्वीं नैसर्गिक तळीं होतीं. त्यांची पातळी पांच मीटर चढवावी अशी योजना १९२० पासून होती, आणि तेवढ्यानें गांव बुडालें नसतें. जुलै १९३९ मध्यें माँटेकातिनी कंपनीनें ती बाजूस सारून बावीस मीटरांची योजना आणिली. त्याविषयींची जाहीर सूचना गांवच्या फलकावर इटालियन भाषेंत लाविली गेली. ज्या पिढीस ती भाषा धड वाचतां येत नव्हती, तिनें मुदतींत हरकत घेतली नाहीं, म्हणून तिची संमति गृहीत धरण्यांत आली! आम्हां इंग्रजी शिकलेल्या लोकांस ह्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. आमच्याकडील शेतकऱ्याचें शेत १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वयें जात असे, तेव्हां त्या कायद्याची भाषा कोणती होती, आणि ती वाचणारे कोणाच्या बाजूस उभे होते, हें आमच्या वर्गानें स्वतःशींच विचारून पहावें.

१९४० त काम सुरू झालें. युद्धामुळें तें रखडलें. हुकूमशहा गेला, राजा गेला, प्रजासत्ताक आलें. परंतु हुकूमशाहींत आंखलेली योजना मात्र तशीच राहिली. गांवचे धर्मगुरु आल्फ्रेड रीपर यांनीं प्रत्यक्ष पोप बारावे पायस यांजपर्यंत गाऱ्हाणें नेलें. उपयोग झाला नाहीं. १९५० च्या उन्हाळ्यांत पाणी चढलें. १६३ घरें आणि ५२३ हेक्टर लागवडीची जमीन त्याखालीं गेली. घरें आपोआप 'निजलीं' नाहींत. तीं सुरुंग लावून उडविण्यांत आलीं. मोबदला अपुरा मिळाला. कित्येक कुटुंबें लांकडी बराकींत राहिलीं, कित्येक मुलूख सोडून गेलीं.

ह्या कथेंत एक प्रकरण असें आहे कीं, त्यावर आमच्या रसिकांचें लक्ष अवश्य जावें. कामास लागणारा पैसा युद्धानंतर आला तो स्वित्झर्लंडमधून. १९४७ त तेथील एलेक्ट्रोवाट ह्या कंपनीनें हिवाळ्यांतील विजेच्या बदल्यांत तीन कोटि स्विस फ्रँक पुरविले. आतां ह्याच स्वित्झर्लंडमध्यें, ऱ्हाइनवाल्डच्या खोऱ्यांत, श्प्लुगेन वगैरे गांवें बुडवून असाच एक जलाशय व्हावयाचा होता. तेथील गांवांनीं 'आम्ही परवानगी देत नाहीं' असें सांगितलें, आणि १९४६ सालीं संघसरकारानें त्यांचा नकार ग्राह्य धरिला. तीं गांवें आज जागच्या जागीं आहेत. विजेची गरज तीच, पर्वतहि तेच आणि पैसाहि त्याच देशांतला. फरक एवढाच कीं, एका खोऱ्यांतील लोकांस नाहीं म्हणण्याचा अधिकार होता आणि दुसऱ्यांतील लोकांस तो नव्हता. नियति, काळ, निसर्गाची लीला हे शब्द ह्या हकीकतीवर कोण कसे लावूं शकतो, हें आम्हांस समजत नाहीं.

मग मनोराच तेवढा कां राहिला? श्रद्धेपुढें पाणी थबकलें म्हणून नव्हे. मनोरा चौदाव्या शतकांतला, प्राचीन वास्तु म्हणून संरक्षणास पात्र. म्हणून तो पाडला गेला नाहीं. ज्या राज्यांत सहाशें वर्षांच्या दगडास कायद्याचें कवच मिळालें, त्याच राज्यांत त्या दगडाभोंवतीं शेती करणाऱ्या माणसास तें मिळालें नाहीं. २००९ सालीं त्याच्या भेगा बुजविण्यांत आल्या. आमची त्यास हरकत नाहीं. जुनी वास्तु जपावीच. परंतु गांव पाडणाऱ्यांच्या हातून उरलेल्या एका खांबास गांवाचें स्मारक म्हणणें म्हणजे घर जाळून उंबरठा राखला ह्याबद्दल आभार मानण्यासारखें आहे.

कोणी म्हणेल, 'मग तुम्हांस वीज नको काय? हा लेख तरी कोणत्या उजेडांत लिहिलात?' आक्षेप खरा आहे आणि त्यास आम्ही बगल देत नाहीं. वीज हवी, तिच्यासाठीं धरणेंहि लागतील. परंतु पांच मीटरांनीं भागत असतां बावीस कां, हा प्रश्न विजेच्या शत्रूचा नसून हिशेबी माणसाचा आहे. आणि वीज एका गांवीं व बुडणें दुसऱ्या गांवीं असेल, तर बुडणाराशीं त्याच्या भाषेंत बोलावें, ही मागणी प्रगतीच्या आड येते असें आम्हांस वाटत नाहीं.

हा वाद आमच्या घरचा आहे. १९२१ सालीं मुळशीच्या मावळ्यांनीं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापति बापट, विनायकराव भुस्कुटे यांनीं तो चालविला; बापटांस तुरुंग भोगावा लागला. तेथेंहि वीज मुंबईच्या गिरण्यांसाठीं होती. तेथेंहि पुण्यांतील जमीनमालक सावकारांनीं रोख मोबदल्यावर समाधान मानिलें आणि जमीन कसणारा उघडा पडला. मुळशीच्या तलावांतून एकहि रमणीय मनोरा वर आलेला नाहीं. म्हणून तिच्यावर कोणी भावविव्हल होत नाहीं. उलट भीमेवरील उजनीच्या पाण्यांत पळसदेवाचें जुनें देऊळ उन्हाळ्यांत उघडें पडतें, तेव्हां आकाशांतून त्याची छायाचित्रें घेणाऱ्यांची दाटी होते. तें देऊळ ज्यांचें, ते पळसदेवकर सध्यां कोठें नांदतात, ही चौकशी त्या दाटींत आम्हीं फारशी ऐकिली नाहीं.

वाङ्मयापुरतें बोलावयाचें तर, मार्को बाल्झानो यांच्या 'रेस्तो क्वी' (२०१८) ह्या कादंबरींत ग्राउनची एक शिक्षिका चोरून जर्मन शिकविते. मनोऱ्यापेक्षां माणूस मोठा ठेवण्याचें काम त्या कादंबरीकारानें केलें. दोनच वर्षांनीं, २०२० त, त्याच मनोऱ्यावर भुताखेतांची दूरचित्रमालिका निघाली. आमच्या लेखकांपुढें दोन्ही नमुने आहेत, आणि बहुतेकांचा कल दुसऱ्याकडे दिसतो.

गोव्यांतील कुर्डी गांव, मोगूबाई कुर्डीकरांचें गांव, साळावली धरणांत गेलें. मे महिन्यांत पाणी ओसरलें म्हणजे तेथून उठविलेलीं माणसें परत येतात. कोणी देवळाच्या जागीं, कोणी कपेलाच्या जागीं जमतो आणि आपआपला उत्सव करितो. चिखलांतील जोतीं पाहून कोणाचें घर कोणतें हें मुलांस दाखवितो. तेथें घंटेची आख्यायिका कोणी रचिलेली आम्हांस ठाऊक नाहीं. त्या माणसांस घरांचे धनी नांवानिशीं आठवतात.