पाडव्याचा नेमका क्षण

वर्षप्रतिपदा जवळ आली कीं अलीकडे घरोघरीं एक नवाच प्रश्न ऐकूं येतो: गुढी किती वाजून किती मिनिटांनीं उभारावयाची? भ्रमणध्वनीवर मुहूर्ताचे निरोप येऊं लागतात. ती वेळ कोणत्या गांवची, हें मात्र त्यांत बहुधा लिहिलेलें नसतें. आणि तिकडे नैवेद्य निवतो, मुलें उपाशीं ताटकळतात, वडील मंडळी पाटावर बसून घड्याळाकडे पाहत राहतात.

सामान्यतः ज्या दिवशीं सूर्योदयीं चैत्र शुद्ध प्रतिपदा असेल, तो दिवस वर्षारंभाचा. परंतु सूर्योदय कांहीं सर्व महाराष्ट्रांत एकाच वेळीं होत नाहीं. नागपूर मुंबईच्या सुमारें सव्वासहा अंश पूर्वेस आहे, आणि पृथ्वीस एक अंश फिरावयास ४ मिनिटें लागतात; म्हणजे नागपूरचा पाडवा मुंबईच्या आधीं सुमारें २५ मिनिटें उगवतो. मुंबईच्या पंचांगावर विसंबलेल्या नागपूरकर गृहस्थांच्या अंगणांत ऊन केव्हांच आलेलें असतें!

पूर्वीं ही अडचण नव्हती. तळाशीं बारीक छिद्र पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावी. ती भरून बुडाली कीं एक घटका, म्हणजे २४ मिनिटें झालीं. घटका मोजावयाच्या त्या आपल्याच गांवच्या सूर्योदयापासून. पुढें १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी रेखांशाची एकच वेळ हिंदुस्थानास लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटें मागें. मुंबईकरांस हा बदल रुचला नाहीं, आणि शहरांतील कित्येक घड्याळें त्यानंतरहि बरींच वर्षें जुनीच वेळ दाखवीत होतीं.

इंग्रजी वर्षाचा क्षण तरी सर्वांस एकच असेल, असें कोणी म्हणेल. तेंहि खरें नव्हे. पृथ्वीच्या गतीशीं मेळ राहावा म्हणून २०१६ च्या अखेरीस जगाच्या घड्याळांत एक सेकंद अधिक घालण्यांत आला. आमच्या अधिक महिन्याचा हा अगदीं धाकटा भाऊ! तो लंडनच्या मध्यरात्रीं पडला. आपल्याकडे तेव्हां १ जानेवारी २०१७ ची पहांट होती, साडेपांचाचा सुमार. रात्रीं बाराला सेकंद मोजून जल्लोष करणारे त्या वेळीं गाढ झोपेंत असतील. १९७२ पासून तोंवर असे २७ सेकंद वाढले. ही रीत २०३५ पर्यंत बदलावी असें २०२२ सालीं आंतरराष्ट्रीय परिषदेंत ठरलें आहे.

शास्त्रज्ञांस सेकंदाचा हिशेब ठेवणें प्राप्तच आहे. गृहिणींस तो कशाला? पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकीं एक. त्या दिवशीं निराळा मुहूर्त शोधण्याचें कारणच नाहीं. सूर्य उगवला, स्नान झालें, कीं गुढी उभारावी. ज्यांस सूर्योदयाची वेळ काट्यावर हवीच असेल, त्यांनीं पंचांग कोणत्या गांवचें आहे तें आधीं पाहावें. मुंबईचें असल्यास पुणेंकरांनीं ४ मिनिटें वजा करावीं, सोलापूरकरांनीं १२.