एका क्लिकवर सिलेक्शन, मग हाताचं काम संपलं का?

डीटीपीच्या दुकानात निम्मा वेळ जायचा तो फोटोतला माणूस 'कापण्यात'. आधी लासो, मॅजिक वाँड, मग पेन टूलने एकेक बिंदू. 2018 मध्ये फोटोशॉपमध्ये 'सिलेक्ट सब्जेक्ट' आलं आणि चित्र बदललं. 2022 मध्ये आयओएस 16 आल्यावर तर आयफोनवर फोटोवर बोट दाबून धरलं की माणूस वेगळा!

फरक कशात आहे? मॅजिक वाँड फक्त रंग बघते. नवी टूल्स असंख्य फोटोंवरून माणूस, गाडी, झाड ओळखायला शिकलेली आहेत. तरी काळ्या पडद्यासमोरचे काळे केस, जाळीदार ओढणी, काचेचा ग्लास इथे ती अजून फसतात. तिथे मास्क हातानेच नीट करावा लागतो. म्हणजे पैसे आता कापण्याचे नाहीत, कडा सुधारण्याचे मिळतील.

आणखी एक गोष्ट. फोटोशॉपमध्ये 'सिलेक्ट सब्जेक्ट'साठी डिव्हाइस आणि क्लाउड असे दोन पर्याय आहेत. क्लाउडमध्ये कडा जास्त बारकाईने येतात, पण फोटो सर्व्हरवर जातो. गिऱ्हाइकाचा फोटो असेल तर प्रेफरन्सेसमधलं 'इमेज प्रोसेसिंग' एकदा उघडून बघाच.