उभ्या गाडीचा आजार

फ्रीगंजमधील आमच्या घराच्या ओसरीत एक येझदी मोटारसायकल उभी आहे. ती. अण्णांनी ती १९७८ साली घेतली आणि पुढची वीस वर्षे घट्टिया, तराना, महिदपूर या बाजूंच्या व्हिजिटा तिच्यावरूनच केल्या. अण्णा गेले, मी मोटारीतून फिरू लागलो आणि येझदी ओसरीतच राहिली. ती विकण्याचा विषय घरात कोणी काढला नाही. दर रविवारी सकाळी तिला पुसायचे, किक मारायची, दोन मिनिटे इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि बंद करायचे, असा माझा अनेक वर्षांचा नेम होता. त्या नेमाचा मला अभिमानही होता. स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा त्या अभिमानातली चूक मोकळेपणाने सांगावी असे ठरवले. कारण हीच चूक मी पुढे माझ्या नर्सिंग होममध्येही केली, आणि तेथे ती केवळ एका जुन्या गाडीपुरती राहिली नाही.

एका पावसाळ्यानंतर येझदी सुरूच होईना. किक मारून पाय दुखले. योगायोगाने माझा भाचा त्या दिवाळीत उज्जैनला आला होता. तो इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञ आहे आणि जुन्या मोटारसायकलींचा त्याला नाद आहे. पोलिसांच्या सेवेतून निवृत्त झालेली एक रोटरी इंजिनाची नॉर्टन त्याच्याकडे आहे. मी माझा रविवारचा नेम कौतुकाने सांगितला, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही तिला जपत नाही, हळूहळू मारता आहात. माझ्या नॉर्टनचे मी पहिली दोन वर्षे हेच केले."

रोटरी इंजिन आपल्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही, म्हणून थोडे सांगतो. जर्मनीतील फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचे हे इंजिन एनएसयू कंपनीत १९५७ साली प्रथम चालले. त्यात वरखाली होणारा पिस्टन नसतो. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर कवचाच्या आत फिरतो आणि शोषण, दाब, स्फोट व उत्सर्जन ही चारही कामे त्याच्या तीन बाजूंवर अखंड चालू राहतात. सुझुकीने १९७४ साली असे इंजिन बसवलेली आरई-५ ही गाडी बाजारात आणली, पण ती दोन-तीन वर्षांतच थांबवली. नॉर्टनने हा प्रयत्न अधिक काळ केला. १९९२ साली आइल ऑफ मॅनच्या सीनियर टीटी शर्यतीत स्टीव्ह हिस्लॉप रोटरी नॉर्टनवरच जिंकला.

या इंजिनाचे मर्म रोटरच्या तीन टोकांवरच्या पट्ट्यांत आहे. बारीक स्प्रिंगांच्या जोरावर या पट्ट्या कवचाला चिकटून सरकतात आणि दाब धरून ठेवतात. त्यांना तेलाचा पातळ थर लागतो. ते तेल थेंबाथेंबाने आत जाते आणि इंधनाबरोबर जळून जाते. गाडी उभी राहिली की तेल ओघळते, काजळी कडक होते आणि पट्ट्या आपल्या खाचांत अडकतात. दाब गेला की गाडी सुरू होत नाही. मात्र भाच्याचे म्हणणे असे, की निव्वळ उभे राहण्यापेक्षा अर्धवट सुरू करणे अधिक घातक. थंड इंजिनाला चोक देऊन सुरू केले आणि मिनिटभरात बंद केले, की जादा पेट्रोल आतच राहते व भिंतीवरचे तेल धुऊन टाकते. पुढच्या वेळी दाब नसतो, प्लग ओला असतो, आणि माणूस आणखी चोक देऊन आणखी पेट्रोल ओततो. यावर उपाय सोपा आहे. प्लग काढायचे, पेट्रोल बंद करून इंजिन फिरवायचे म्हणजे साचलेले बाहेर येते. मग प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून पुन्हा फिरवायचे आणि कोरडे प्लग लावायचे. गाडी सुरू झाली की लगेच बंद करायची नाही. पंधरा-वीस मैल चालवूनच घरी आणायची.

माझी येझदी टू-स्ट्रोक. जात निराळी, पण आजार तोच. दोन्ही इंजिनांना व्हॉल्व्ह नाहीत, दोन्ही आपले तेल जाळतात, आणि दोन्हींचे प्राण दाब धरण्यावर. दोन मिनिटांच्या चालण्यात इंजिन तापत नाही. पेट्रोल जळताना वाफ तयार होते, आणि ती थंड सायलेन्सरमध्ये व इंजिनात पाणी होऊन बसते. प्लगवर तेलकट काजळी धरते. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर जेटचे बारीक भोक बंद करतो. आता तर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल ओढून घेते आणि जुन्या काळच्या रबराला मानवत नाही. मालीपुऱ्यातील मिस्त्रीने टाकी उघडली तेव्हा आत गंज होता, क्लच प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या आणि पॉइंटवर बुरशीसारखी पांढरी पूड होती. एकाच जागी दबून टायर चपटे झाले होते. ते पाहून मला अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीवरच्या जखमा आठवल्या. वीस वर्षे रोज धावलेले यंत्र माझ्या प्रेमळ देखभालीत निकामी झाले होते.

येथवर ही एका हौशी माणसाची गोष्ट आहे. पुढचे सांगणे मला जड जाते.

आमच्या नर्सिंग होममध्ये जनरेटर आहे. दर सोमवारी वॉर्डबॉय तो दोन मिनिटे चालवी, बंद करी आणि वहीत 'ओके' लिहून सही करी. हा नेमही मीच घालून दिला होता. एका जुलै महिन्यात संध्याकाळी सिझेरियन चालू असताना वीज गेली. जनरेटर सुरू झाला आणि भार पडताच धूर ओकून बंद पडला. बाळाला बाहेर काढले ते टॉर्चच्या उजेडात. आई आणि बाळ दोघेही सुखरूप घरी गेले, हे आमचे नशीब. त्यात आमचे कर्तृत्व काही नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने कारण सांगितले. डिझेल इंजिन भाराविना चालवले, की ते पुरेसे तापत नाही, अर्धवट जळलेले इंधन आत साठत जाते आणि खरा भार आला की इंजिन दम सोडते. वहीत त्या सोमवारचाही 'ओके' होता.

त्या दिवसापासून माझे मत ठाम झाले आहे. क्वचित लागणाऱ्या यंत्राला दोनच गोष्टी मानवतात: एक तर त्याच्याकडून खरे काम करून घ्यावे, नाही तर त्याला रीतसर विश्रांती द्यावी. मधली दोन मिनिटांची सेवा यंत्रासाठी नसते. ती आपल्या मनाच्या समाधानासाठी असते.

गाडीपुरते सांगायचे तर पंधरा दिवसांतून एकदा निदान अर्धा तास ती रस्त्यावर चालवावी. ते जमणार नसेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत, प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून किक हळूच दोन-चारदा दाबावी, बॅटरी काढून ठेवावी, चाके जमिनीपासून उचलावीत आणि सायलेन्सरचे तोंड तेलाच्या फडक्याने बंद करावे. मग सहा महिने तिला हात लावू नये. जनरेटरसाठी अमेरिकेत रूढ असलेला नियम असा, की महिन्यातून एकदा, निदान अर्धा तास, निदान तीस टक्के भारावर तो चालवावा. आपल्यापैकी किती जणांच्या रुग्णालयात हे होते? डिफिब्रिलेटर शेवटचा कधी चार्ज करून पाहिला? लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का? ऑक्सिजनच्या राखीव सिलिंडरची चावी कोठे आहे, हे रात्रपाळीच्या सिस्टरला ठाऊक आहे का? डॉक्टर मित्रहो, हे प्रश्न मी तुम्हाला विचारण्याआधी स्वतःला विचारले, आणि पहिल्या खेपेला तिन्हींत नापास झालो.

आपल्या गावाला हा धडा नवा नाही. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली येथील वेधशाळा पुढे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिची दुरुस्ती करवली, आणि त्यानंतर तेथे पुन्हा वेध घेणे सुरू झाले. नुसती डागडुजी करून यंत्रे सोडून दिली असती तर ती केवळ दगडी अवशेष म्हणून उरली असती. आजही तेथे सम्राट यंत्राच्या सावलीवरून वेळ वाचता येते.

येझदी आता बरी झाली आहे. तिच्या किकचाच पुढे गिअर होतो, ही गंमत नातवाला समजावून सांगताना मजा येते. दर दुसऱ्या रविवारी मी तिच्यावर चिंतामण गणपतीला जातो, आणि इंजिन नीट तापावे म्हणून परतताना मुद्दाम लांबचा रस्ता धरतो. नर्सिंग होमच्या वहीत आता 'ओके' लिहिण्यास मनाई आहे. किती मिनिटे, किती भार आणि कोणासमोर, एवढे लिहून मगच सही करायची. महिन्यातून एकदा ती वही मी स्वतः पाहतो.