‘आमच्या यंत्रावर तर चालतें!’

संगणकाच्या धंद्यांत पडलेल्या आमच्या तरुण मंडळींत एक वाक्य फार लाडकें झालें आहे. एकानें लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या यंत्रावर बांधला जाईना, पडद्यावर तांबड्या अक्षरांची चळत उतरली, आणि त्या बिचाऱ्यानें कारण विचारलें, कीं उत्तर तयार असतें: ‘आमच्या यंत्रावर तर चालतें!’ बोलणारास वाटतें, आपण निर्दोष सुटलों. आमचें म्हणणें असें कीं, हें वाक्य खुलासा नव्हे, कबुली आहे. ज्या साधनांनीं आपण काम केलें त्यांची नोंद आपण ठेवली नाहीं, एवढेंच त्यांतून सिद्ध होतें.

ज्यांच्या घरांत हा धंदा नाहीं अशा वाचकांकरितां थोडें विवरण अवश्य आहे. मनुष्यानें लिहिलेला मजकूर यंत्रास चालेल अशा रूपांत आणणें ह्यास ‘बिल्ड’ म्हणतात. तें काम भाषेचा कंपायलर, बांधणीचें साधन आणि इतरांनीं लिहून ठेवलेल्या लायब्रऱ्या मिळून करतात. ह्यांपैकीं प्रत्येकाच्या आवृत्त्या निघत असतात, आणि आवृत्ति बदलली कीं कालचा शुद्ध मजकूर आज अशुद्ध ठरूं शकतो. पायथॉन ह्या भाषेची तिसरी आवृत्ति डिसेंबर २००८ मध्यें निघाली. तिनें ‘प्रिंट’ ह्या साध्या आज्ञेसही कंस सक्तीचे केले. दुसऱ्या आवृत्तीचा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजीं थांबला. म्हणजे अकरा वर्षें एकाच नांवाखालीं दोन व्याकरणें नांदत होतीं.

हा प्रकार महाराष्ट्रास नवा नाहीं. टिळक पंचांग मानणारीं घराणीं आणि इतर पंचांगें मानणारीं घराणीं ह्यांचा अधिक मास एखाद्या वर्षीं निराळा येतो, आणि एकाच आळींत गणपति दोन निरनिराळ्या महिन्यांत बसतात. त्यांत कोणाचाही हिशेब चुकलेला नसतो. पंचांग निराळें असतें. म्हणून शहाणा मनुष्य ‘तुमची तिथि चुकली’ असें म्हणण्यापूर्वीं ‘तुमच्याकडे पंचांग कोणतें?’ असें विचारतो. एवढें साधें शहाणपण आमच्या अभियंत्यांनीं यंत्रासमोर बसतांना उंबऱ्याबाहेर कां ठेवावें?

आतां प्रचलित उपायाकडे वळूं. बांधणी अडली कीं वडीलधारे सहकारी सल्ला देतात, ‘सगळें पुसून पुन्हां घाला.’ हा उपाय केव्हां केव्हां लागू पडतो, आणि तेंच त्याचें मोठें अनिष्ट आहे. कारण रोग कोणता होता हें कोणासच कळत नाहीं. एक उदाहरण घेऊं. जावा भाषेंतील काम बांधतांना ‘मेजर व्हर्शन ६१ मान्य नाहीं’ अशा अर्थाचा दोष पडद्यावर येतो. घाबरलेला विद्यार्थी ती ओळ न वाचतांच पुसापुशी आरंभितो. वस्तुतः त्या ६१ मध्येंच सर्व उत्तर आहे. त्या आंकड्यांतून ४४ वजा केले कीं जावाची आवृत्ति मिळते: ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७. अर्थ उघड आहे. यंत्रावर जावा १७ आहे, आणि बांधणीचें साधन तिच्याहून जुनें असल्यामुळें तिची लिपि त्यास वाचतां येत नाहीं. साधन नवें घ्यावें, नाहीं तर जावा जुनी निवडावी. एका ओळीचा फरक. पुष्कळदां तर यंत्रावर दोन जावा असतात. आज्ञा देऊन विचारावें तर एक उत्तर देते आणि बांधणीचें साधन मात्र दुसरीस बोलावतें. अशा वेळीं पुसून काय होणार?

दोष मजकुरांत नसतां मजकुरांतच शोधीत बसण्याची ही खोड जुनी आहे. ‘मेक’ हें बांधणीचें आद्य साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ सालीं बेल प्रयोगशाळेंत निर्माण केलें, त्याचें निमित्तच असें होतें: त्यांच्या एका सहकाऱ्याची सबंध सकाळ निर्दोष प्रोग्रामांतील दोष शोधण्यांत गेली, दुरुस्ती झालेली होती, परंतु दुरुस्त मजकूर पुन्हां बांधलाच गेला नव्हता.

ह्यावर दोन पक्षांचे आक्षेप आम्हांस ऐकूं येतात. पहिला पक्ष म्हणतो, नेहमीं नवीनतम आवृत्ति घ्यावी म्हणजे कटकट मिटली. मार्च २०१६ मध्यें ‘लेफ्टपॅड’ नांवाची अवघ्या अकरा ओळींची लायब्ररी तिच्या कर्त्यानें एका नांवाच्या तंट्यावरून सार्वजनिक भांडारांतून काढून घेतली, आणि जगभर असंख्य बांधण्या कोसळल्या. आपण त्या अकरा ओळींवर उभे आहों हें कोसळेपर्यंत बहुतेकांस ठाऊक नव्हतें. दुसरा पक्ष म्हणतो, चालतें आहे त्यास हात लावूं नये. डिसेंबर २०२१ मध्यें ‘लॉगफोरजे’ ह्या जावाच्या लायब्ररींत घोर छिद्र उघडकीस आलें, तेव्हां हा पक्षही उघडा पडला. ज्यांनीं आवृत्त्यांची यादी ठेवली होती त्यांस आपल्या घरीं तो साप आहे कीं नाहीं हें चटकन् पाहतां आलें. बाकीचे काठ्या घेऊन अंधारांत फिरत राहिले. नवें कीं जुनें हा प्रश्नच गौण आहे. ठाऊक आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न.

साधनें निर्माण करणारेही दोषमुक्त नाहींत. आज एक आज्ञा काढावी, उद्यां तिचें नांव बदलावें, हा त्यांचा खेळ दुसऱ्यांच्या वेळावर चालतो. डोनल्ड कनुथ यांच्या ‘टेक’ ह्या मुद्रणप्रणालीच्या आवृत्तीचा आंकडा वर्षानुवर्षें पायच्या किंमतीकडे एकेका दशांशानें सरकतो आहे. स्थैर्य म्हणजे काय तें तेथें पाहावें. परंतु जग कनुथ यांच्यासारखें होईपर्यंत वही ठेवणें आपल्या हातीं आहे.

‘ही कारकुनी आम्ही कां करावी?’ असें नाक मुरडणारांस आम्ही पुण्याच्या भांडारकर संस्थेकडे बोट दाखवतों. तेथें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध झाली. कोणता पाठ कोणत्या हस्तलिखितांत आहे हें पानोपानीं खालीं नोंदलें गेलें. त्या पंडितांस ती कारकुनी वाटली नाहीं. तींतच त्यांची विद्वत्ता होती. लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्या टिपणारी जी ‘लॉक फाईल’ यंत्र आपण होऊन लिहितें, ती ह्याहून निराळी काय आहे? आणि तीही आमचे लोक कामाबरोबर पाठवीत नाहींत!

आतां ह्या निष्काळजीपणाची किंमत कोण देतो तें पाहावें. ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांत, कल्याण-नगर रस्त्यावर, माळशेज घाटाच्या पायथ्याकडे वैशाखरे हें गांव आहे. मुंबईच्या अभियंत्यास पुसून पुन्हां घालणें म्हणजे अर्धा तास आणि एक पेला चहा. डोंगराच्या कुशींतल्या अशा गांवीं मोबाईलवर मिळणाऱ्या दिवसाच्या दीड-दोन गिगाबाइटांवर जो शिकतो, त्यास तीच गोष्ट कित्येक दिवसांची होते. आणि वेळापेक्षां मोठें नुकसान पुढेंच आहे. दोष साधनाचा असतां तो आपल्या बुद्धीस दोष देतो, ‘आपल्याला हें जमणारें नव्हे’ असें म्हणून वही मिटतो. २०२१ पासून मातृभाषेंतून अभियांत्रिकीची पदवी देण्याची वाट मोकळी झाली. परंतु दोषाची इंग्रजी ओळ शेवटापासून नव्हे, पहिल्या दोषापासून वाचावी, तींतील आंकड्याचा अर्थ लावावा, हें मराठींतून शिकविलें नाहीं, तर त्या वाटेचा उपयोग काय?

वैशाखऱ्याहूनच नाणेघाटाची चढण लागते. वरच्या लेण्यांत सातवाहन राणीच्या शिलालेखांत किती गाई दिल्या, किती नाणीं दिलीं, त्यांचे आंकडे दगडांत कोरलेले आहेत; सुमारें दोन हजार वर्षांनंतरही ते वाचतां येतात. ज्या देशानें दानाचा हिशेब कातळावर खोदला, त्याच्या अभियंत्यांस आपल्या कामासोबत तीन आंकडे लिहून देणें जड व्हावें काय? महाविद्यालयांनीं आवृत्त्यांची यादी नसलेलें काम तपासण्यास घेऊं नये. ज्येष्ठांनीं ‘पुसा’ म्हणण्याआधीं ‘वाचा’ म्हणावें. आणि ‘आमच्या यंत्रावर तर चालतें’ असें कोणी म्हणालाच, तर त्यास शांतपणें एवढेंच विचारावें: तुमच्या यंत्रावर कोणतें पंचांग आहे?